राशीवरचा छापा

मरियाबाई मकासरे रागीट आहेत हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. कोल्हार सोडून प्रवरेच्या काठाकाठानं आत गेलं की त्यांचं गाव लागतं. नव्या पाहुण्याला गाव दाखवताना लोक आधी नदी दाखवत, मग मारुतीचं देऊळ, मग चर्चची पांढरी भिंत, आणि भिंतीला लागून असलेल्या घरापाशी आले की म्हणत, "हितं जरा हळू बोलायचं."

त्यांचा राग आरडाओरड्याचा नव्हता. राग आला की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. शब्द सावकाश यायचे, वाक्यं पूर्ण व्हायची. त्यांचे पती एडविन साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "ही अर्धवट बोलते तोवर माझं जेवण सुरळीत चालतं. हिचं व्याकरण सुधारलं की मी चप्पल शोधतो."

बेलापूरच्या शाळेत मरियाबाईंनी उभी हयात मराठी शिकवलं. रुजू झाल्या त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं चहा पिताना अगदी कौतुकानं विचारलं होतं, "तुम्ही ख्रिश्चन असून तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं हो?" मरियाबाईंनी कप बशीत ठेवला. "तुम्ही हिंदू असून तुमचं इतकं अशुद्ध कसं, हे मी अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. पुढे बरेच महिने शिक्षकखोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांनी ती खुर्ची ओढून तिच्यावर आपली पिशवी ठेवायला सुरुवात केली.

दरवर्षी नववीच्या वर्गात एक तास त्या पुस्तक मिटून घेत. कार्यालयातून शाळेचा गोल शिक्का मागवत, तो टेबलावर उलटा ठेवत आणि फळ्यावर शब्द लिहीत. शिक्का अरबीतून आला, नाणं पाडायच्या ठशाला तिकडे सिक्का म्हणत. मोहर फारसी. सही अरबी, तिचा अर्थ फक्त 'बरोबर'. डाग फारसी, पलटणीतल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उठवायची ती खूण. गळ्यातला ताईत अरबीतल्या ज्या शब्दाकडे जातो त्याचा अर्थ आसरा मागणं. यंत्र म्हणजे आवरून धरणारं, ताब्यात ठेवणारं. मुद्रा संस्कृत, पण संस्कृतच्याही मागे ती कुठून आली यावर जाणकारांचं एकमत नाही.

"आणि छाप?" त्या विचारत. "छाप कुठल्या दरबारातून आला नाही. दाबण्यातून आला. कुणीतरी पहिल्यांदा ओल्या मातीवर काहीतरी दाबलं, तिथून."

सगळ्यात शेवटी त्या लांछन लिहीत. लांछन म्हणजे नुसती खूण. चंद्रावर दिसते तीही लांछन, आणि जैन तीर्थंकरांच्या मूर्तीखाली बैल किंवा सिंह कोरलेला असतो तोही लांछनच, त्यात कमीपणा काही नाही. एकदा एकीनं विचारलं, "मग बाई, लांछन लागलं म्हणजे वाईट झालं, असं का म्हणतात?"

"दूध आपोआप नासतं," मरियाबाई म्हणाल्या. "शब्द नासवावा लागतो. खूण कुणाच्या अंगावर आहे ते लोक बघतात, आणि मग तिला काय म्हणायचं ते ठरवतात."

हे त्या पुस्तकातून शिकलेल्या नव्हत्या. त्यांचे वडील आमोस प्राथमिक शिक्षक होते, पण आमोसचे वडील खळ्यावरचे राखणदार. खळ्यात ज्वारीची रास पडली की मापं होईपर्यंत तिच्यावर छापा मारायचा, हे गावकीनं त्यांच्या घराला लावून दिलेलं काम. शेणात राख कालवायची, राशीच्या अंगावर ठिकठिकाणी त्याचे गोळे थापायचे आणि लाकडाचा ठसा दाबायचा. कुणी राशीत हात घातला की दाणे घसरतात, छापा तडकतो आणि चोरी उघडी पडते. रास मोडायची वेळ आली की पहिला छापा धन्यानं स्वतःच्या हातानं मोडायचा, राखणदाराच्या देखत, आणि पहिली ओंजळ त्याच्या पदरात टाकायची. घराणं ख्रिस्ती झालं तरी हे काम सुटलं नव्हतं. "देव बदला, खळं तेच राहील," असं पाटलानं सांगितल्याचं आमोस हसत सांगायचे. वडील हसायचे तेव्हा लहानगी मरिया हसत नसे. त्या घरातला राग बहुधा एक पिढी वगळून तिच्यापाशी आला होता.

पुढे मळणीयंत्रं आली. धान्य यंत्रातून थेट पोत्यात आणि पोत्यातून टेम्पोत जाऊ लागलं. खळीच उरली नाहीत, तर छापा कुठून उरणार? मरियाबाईंनी तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

निवृत्त झाल्यावरच्या नोव्हेंबरातली गोष्ट. एडविन सकाळी दूध घेऊन आले आणि पिशवी हातातच धरून दारात उभे राहिले.

"राहीबाईला सहादेवच्या वस्तीवर बसवून ठेवलंय," ते म्हणाले.

"कुणी?"

"सहादेवनंच. माणसं जमलीत. सोयाबीनच्या राशीला तिनं राखेची गोल कडी काढलीत म्हणे. पहाटे त्याच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या, त्याच्या पोरानं, भीमानं तिला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलंय. करणी म्हणतायत."

मरियाबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

राहीबाई जामखेडच्या पलीकडची. नवऱ्याबरोबर इकडे ऊसतोडीला यायची, एका हंगामात नवरा इथेच गेला आणि ती परत गेलीच नाही. सहादेवच्या वस्तीवर गोठ्याला लागून पत्र्याची खोली होती, तिथं ती राहायची. गुरांचं बघायची, पिकाची राखण करायची. मरियाबाईंची आई स्टेला शेवटी अंथरुणाला खिळली होती. शाळेची परीक्षा चालू, चर्चच्या बायका येत, प्रार्थना करत आणि नाकाला रुमाल लावून जात. तेव्हा राहीबाई न बोलावता आली होती. रोज दुपारी ती स्टेलाला कुशीवर वळवायची, अंग पुसायची आणि तिच्याशी जामखेडच्या बाजाराच्या गप्पा मारायची. "म्हातारी बोलत नसली तरी ऐकती," म्हणायची. स्टेला गेली त्या दिवशी राहीबाई चर्चच्या पायरीबाहेर उभी होती. आत ये म्हटलं तर म्हणाली, "माझे पाय लई मळलेत."

मरियाबाईंनी स्कूटी काढली. एडविन मागे बसायला लागले तर म्हणाल्या, "तुम्ही घरी थांबावं हे उत्तम." वाक्य इतकं नीटनेटकं होतं की एडविन मुकाट्यानं मागे बसले.

वस्तीच्या अंगणात वीसेक माणसं होती. मध्ये सोयाबीनची रास. परतीच्या पावसानं यंदा दाण्यात ओल राहिली होती, आडतीवर ओला माल कुणी घेईना, म्हणून सहादेवनं तो वाळवायला ठेवला होता आणि रात्रीपुरती अंगणात रास लावली होती. राशीच्या अंगावर, खांद्यापासून पायथ्यापर्यंत, करड्या राखेची वर्तुळं होती. तळहाताएवढी. प्रत्येक वर्तुळात एक फुली.

मरियाबाई थबकल्या. इतकी वर्षं जो शब्द त्या फळ्यावर खडूनं लिहीत आल्या तो इथं राखेचा होऊन उन्हात पडला होता. आजोबांचा हात पाहिल्यासारखं त्यांना वाटलं. त्या पुढे झाल्या.

राहीबाई गोठ्याच्या भिंतीशी उकिडवी बसली होती. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो नीट करायला कुणी तिला उठू देत नव्हतं.

"मॅडम, तुमी कशाला तरास घेतला?" सहादेव म्हणाला. साठीचा, हडकुळा माणूस. रात्रभर न झोपल्यासारखे डोळे. तो वाईट नव्हता हे मरियाबाईंना ठाऊक होतं, आणि त्यामुळे त्यांना जास्तच राग आला. वाईट माणसाकडून त्यांनी काही मागितलंच नसतं.

"राहीमावशी, पदर घ्या," त्या आधी म्हणाल्या. मग सहादेवकडे वळल्या. "काय झालं ते मला सांग."

"आता काय सांगू? संध्याकाळी ही राशीभोवती फिरत हुती, तोंडानं पुटपुटत. मला वाटलं दाणे गोळा करती. सकाळी बघतो तर हे. आन् आत पोरगी कळवळायला लागली. मागल्या साली एकदा पोट पडलं तिचं. आता सातवा लागलाय. मी काय समजू?"

एका पोरानं मोबाईल पुढे केला. "काकू, भगताला फोटो पाठवला हुता. त्याचा निरोप आलाय." आणि त्यानं आवाज मोठा करून लावला. नदीपलीकडचा कुणी भगत होता. मागं कोंबडा आरवत होता, मध्येच कुणीतरी त्याला चहा विचारत होतं. खरखरीत आवाज सांगत होता, की हे बांधलेलं कडं आहे, आत फुली मारून गर्भ बांधलाय. जिनं बांधलं तिच्याच हातानं पुसून घ्या, राशीपुढं नाक घासायला लावा आणि दिवस मावळायच्या आत तिला शिवेबाहेर घाला. नंतर मी यंत्र देतो ते उंबऱ्यात पुरा.

निरोप संपला.

"हा छापा आहे," मरियाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. खळं कसं असायचं, राखणदार कोण असायचा, राख का, शेण का, छापा तडकला की काय कळतं. करणी हा शब्दसुद्धा नुसत्या 'करणे'मधून आला आहे, करणी म्हणजे केलेलं काम, त्यात भुताखेतांचं काही नाही. भगताचं यंत्र आणि हा छापा, दोन्ही माणसानं उमटवलेल्या खुणाच, फरक इतकाच की छाप्यानं खरोखर काहीतरी राखलं जातं. त्या वर्गात बोलत तशा बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोर वर्ग नाही.

"मॅडम, शाळा सुटली," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

दुसरा म्हणाला, "छापा असंल, पर आत फुली हाय. ही फुली कुणाची? तुमच्याच देवाची नव्हं?"

मरियाबाईंचा आवाज उतरला. राहीबाईच्या पायाशी लाकडाचा एक तुकडा पडला होता, बूड राखेनं माखलेलं. त्यांनी तो उचलला आणि बोलणाऱ्याच्या नाकासमोर धरला. "हा बाजेचा पाय आहे. सुतारानं पाचर मारायला त्याच्या बुडात आडवी-उभी खाच पाडली आहे. ही फुली सुताराची आहे. माझ्या देवाला तुमच्या सोयाबीनमध्ये रस नाही."

त्या माणसानं बाजेच्या पायाकडं पाहिलं. बूड पाहिलं, खाच पाहिली, राशीवरचं कडं पाहिलं. त्याला समजलं होतं. तरी तो एक पाऊल मागे सरला. मरियाबाईंना त्या एका पावलाची चीड आली. न समजणाऱ्याला समजावता येतं, पण ज्याला समजूनही भ्यायचंच असतं त्याच्यापुढे शब्दकोश उघडून काय उपयोग?

"पुसते मी," राहीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पुसून टाकते, बाई. नाक बी घासते. काय करायलेत ह्ये लोक, करू द्या. चोर हिंडायलेत म्हणून मी छापा मारला. माझा बाप मारायचा, तवा मी संगं असायची. ह्यांनी कधी पाह्यलं न्हाई, त्यांचा काय दोष?"

"मावशी, पुसू नका. पुसलंत तर कबूल केल्यासारखं होईल."

"हुईना."

"होऊ देणार नाही मी. पोलिसांत जाईन. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्याखाली..."

"आन् मंग?" राहीबाई पहिल्यांदाच ताठ बसली. "ह्यो जाईल चौकीत, यील माघारी. मी कुठं झोपू त्या दिवशी? तुमाला राग करायला घर हाय, बाई. राग करायला बी घर लागतं."

आपण आलो, पदर घ्या म्हणालो आणि मग राहीबाईला एक शब्दही न विचारता तिच्या वतीनं व्याख्यान देत राहिलो, हे मरियाबाईंना कळलं. माझ्याकडे चला, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण तेही शिवेबाहेर घालण्याचंच सभ्य रूप झालं असतं. हिनं काही केलेलं नसताना हिनं का हलायचं?

त्या राहीबाईजवळ जाऊन बसल्या. मातीतच. "मावशी, तुमच्या वडिलांच्या खळ्यावर छापा कोण मोडायचं?"

राहीबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला. "ज्याची रास, त्यो."

"राखणदार कधी मोडायचा?"

"छे. राखणदारानं मोडला तर त्योच चोर."

मरियाबाई उठल्या. साडीची माती त्यांनी झटकली नाही. "ऐकलंस, सहादेव? ही हात लावणार नाही. तुझी रास आहे. तू मोड."

सहादेव हलला नाही.

"तुझं सोयाबीन आहे. तुझ्या विहिरीचं पाणी, तुझ्या चुलीतली राख. घाल हात."

सहादेवनं हात पुढे केला. खरंच केला. राशीपासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि मग त्यानं तो कोपरीला पुसला, अजून काही लागलेलं नसताना. "घरात पोटुशी सून हाय, मॅडम," तो हळू म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

"मग हिचं काय जातंय ते तरी बघ. इतकी वर्षं हिनं तुझी वासरं ओढून काढली. तुझ्या बायकोला विंचू चावला तेव्हा रात्रभर पाय कुणी धरून ठेवला होता? तेव्हा हिचे हात चांगले होते. आज त्याच हातांनी तुझी रास राखली, तर करणी? राजानं बोटातली अंगठी दाबली की तिला मुद्रा म्हणायचं, साहेबानं दाबलं की शिक्का, आणि राहीबाईनं दाबलं की करणी. का रे?"

कुणी हसलं नाही या वेळी. पण कुणी पुढेही आलं नाही. एडविन पुढे निघाले, तर मरियाबाईंनी त्यांना नजरेनं थांबवलं. त्यांच्या हातानं मोडून चाललं नसतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात टेम्पो आला. भीमानं तो बांधावरच थांबवला आणि खाली उतरून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. त्याची बायको सुकन्या सावकाश उतरली. एका हातात दवाखान्याची पिशवी, हाताला सलाईनच्या सुईवरची पट्टी.

"काय म्हणले डॉक्टर?" सहादेव जवळजवळ धावतच गेला.

"काय न्हाई, दादा," भीमा म्हणाला. "बाळ झकास हाय. अंगात पाणी कमी पडलं म्हणले. दमणूक झाली. आडवं राहा म्हणले."

अंगणातून एक सुस्कारा गेला. सहादेवनं कपाळाला हात लावला. आणि लगेच एकजण म्हणाला, "बघा, हिला धरून बसवली आन् तिकडं उतार पडला." दोनचार माना डोलल्या. तो सुस्कारा बघता बघता भगताच्या खात्यावर जमा झाला.

सुकन्यानं हे ऐकलं. ती बेलापूरच्याच शाळेत शिकलेली, मरियाबाईंच्या हाताखाली. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं राशीकडे पाहिलं, राहीबाईकडे पाहिलं.

"कुणाला धरून बसवली?" तिनं विचारलं.

भीमानं तिला थोडक्यात सांगितलं. तो सांगत असताना त्याला स्वतःलाच ते नीट सांगता येईना. फुली, गर्भ, शीव, असे शब्द त्याच्या तोंडातून सुटेसुटे पडत होते.

"माझ्या पोटाचं नाव घेऊन?" सुकन्या म्हणाली.

"पोरी, तू आत जा, आडवी हो," सहादेव म्हणाला.

"मामा, काल मी मशीनवर सकाळपासून उभी हुते. पोती धरायला माणूस न्हाई, म्हणून मला धरायला लावली. दुपारी मला चक्कर आली, तवा तुमी म्हणला, पोरी आजकालच्या नाजूक. मला पाणी कुणी दिलं? ह्या मावशीनं दिलं. तुमाला माझी चक्कर दिसली न्हाई. आन् राख दिसली व्हय?"

तिचा आवाज मोठा नव्हता. आजवर साठवलेलं ती एकेक काढून अंगणात मांडत होती.

"छापा कुणी मोडायचा असतो, बाई?" तिनं मरियाबाईंना विचारलं.

"ज्याची रास त्यानं."

"रास माझी बी हाय. धरलीय मी." पिशवी भीमाच्या हातात देऊन ती राशीपाशी गेली. भीमा "अगं" म्हणाला आणि तिथंच थांबला. तिनं वाकून, एक हात पोटाखाली धरून, दुसरा हात एका कड्याच्या मधोमध घातला. वाळलेली राख फुटली. वरचे दाणे खळखळत खाली आले आणि तिच्या पावलांवर पडले. बाकी काही झालं नाही. गोठ्यात म्हैस शेपूट हलवत होती ती हलवत राहिली.

तिनं ओंजळ भरली आणि राहीबाईपुढे धरली. राहीबाई उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि तिनं पदर पसरला. दाणे पडले. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. हिशेब चुकता झाल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती.

"राहा की मावशी," सहादेव पुटपुटला. "जा असं कोण म्हणलं?"

"तू म्हणला," राहीबाई म्हणाली. "आन् मी राहणारच हाय. खोली सोडत न्हाई. पर आजपासून तुझ्या राशीवर नजर ठेवायची न्हाई मी. गुरं बघीन. रास तुझी तू राख."

माणसं पांगली. जाताना एकजण राहीबाईला म्हणाला, "झालं गेलं विसरून जा, म्हातारे." माफी तिनं मागायची होती आणि त्यांनी ती मोठ्या मनानं सोडून दिली, असा त्याचा सूर होता. मरियाबाई त्याच्यामागे चार पावलं गेल्या. एडविननी स्कूटीचा हॉर्न वाजवला तेव्हा थांबल्या.

दुपारी सुकन्यानं भगताचा निरोप मरियाबाईंच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामांचं नाव घालू नका. ह्याचं घाला." मरियाबाईंनी राहीबाईला जाऊन विचारलं, तक्रार केलेली चालेल का. या वेळी विचारलं. राहीबाईनं गुरांना वैरण टाकत टाकत विचार केला. "त्यो कुठं मला वळखतो," म्हणाली. "आन् तरी बी शिवेबाहेर घाला म्हणला. करा." मरियाबाई चौकीत गेल्या. हवालदारानं निरोप पुन्हा पुन्हा ऐकला, कोंबड्याच्या आरवण्यावर हसला, मग तक्रार लिहून घेतली. भगताला बोलावणं गेलं. त्यापुढे काय झालं ते गावाला नीट कळलं नाही, एवढंच की त्याचे निरोप येणं बंद झालं.

फेब्रुवारीत सुकन्याला मुलगी झाली. राहीबाईनं तिला न्हाऊ घातलं. सहादेव बाळाला मांडीवर घेऊन बसायचा आणि राहीबाई आली की उठून जागा करून द्यायचा, पण तोंडानं काही बोलायचा नाही.

मार्चअखेर गहू निघाला. टेम्पो मिळेना, रास अंगणात पडून राहिली. आजूबाजूच्या वस्त्यांवर चोऱ्या चालूच होत्या. सहादेव राहीबाईच्या दाराशी आला.

"मावशी, छापा मारून द्या की."

"हात दुखतो माझा."

"मंग त्यो बाजेचा पाय तरी द्या."

"तुझ्या घरात भांडी न्हाईत का? राख चुलीत हाय. मार."

सहादेवनं स्टीलच्या पेल्याच्या बुडानं छापे मारले. वाकडेतिकडे, काही चपटे, काही अर्धे. फुली नव्हती. रात्री तो राशीपाशी बाज टाकून झोपला. सकाळी माणसं बघायला आली. कुणी मागे सरलं नाही. कुणी भगताला फोटो पाठवला नाही. नोव्हेंबरात ज्यानं मोबाईलवर निरोप मोठ्यानं लावला होता त्याच पोरानं व्हिडिओ काढला, मागे हलगी लावली आणि गावाच्या गटावर टाकला. वर लिहिलं, 'आपल्या गावची जुनी परंपरा पुन्हा सुरू. सहादेव आण्णांना मानाचा मुजरा.' फुलं आली, हात जोडलेले आले, अंगठे आले.

मरियाबाई ओट्यावर गवारी निवडत होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. हात धुतले, चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. एडविन शेजारी येऊन बसले आणि वाकून बघू लागले. मरियाबाईंनी पहिलं लिहिलेलं सगळं खोडलं. त्यात शिक्का होता, मुद्रा होती, लांछन होतं, पाटलाचं बोलणं होतं. शेवटी एकच वाक्य ठेवलं, पूर्णविरामासकट.

'हाच छापा नोव्हेंबरात राहीबाईंनी मारला तेव्हा तुम्ही त्यांचं नाक जमिनीला घासायला निघाला होतात.'

पाठवलं. फुलं यायची थांबली. मग सुकन्याचा अंगठा आला, एकटाच. संध्याकाळी त्या पोरानं व्हिडिओ काढून टाकला आणि मरियाबाईंना वेगळा निरोप पाठवला, "काकू, आता तुमी पण ते काढून टाका, उगा वाईट दिसतं."

मरियाबाईंनी ते काढलं नाही.